सिनेमाचा फलक आणि महापुरुषाची तसबीर
चित्रकार जी. कांबळे यांच्या कार्याचा अभ्यास



आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही सरकारी कचेरीत अथवा शाळेत पाऊल टाकले, की श्रीशिवछत्रपतींची तसबीर भिंतीवर बहुधा दिसतेच. जयंतीच्या दिवशी आपण तिला हार घालतो, तिच्यापुढे उभे राहून भाषणे करतो, आणि मग वर्षभर तिच्यावरून नुसती दृष्टी फिरवून आपापल्या कामास लागतो. ही तसबीर कोणी काढली, आणि तीनशे वर्षांमागे होऊन गेलेल्या पुरुषाचा चेहरा त्या चित्रकारास कोठून मिळाला, हा प्रश्न माझ्या वीस वर्षांच्या शिक्षकीत एकाही विद्यार्थ्याने मला विचारला नाही. खरे सांगावयाचे तर मीही तो स्वतःस विचारला नव्हता. तो विचारावयास मला एका पालकाने भाग पाडले.

गेल्या वर्षी दसरा नुकताच झाला होता. आपल्या भागातील शेकडो कुटुंबे ऊसतोडीस निघण्याच्या तयारीत होती. अशाच एका कुटुंबातील गृहस्थ आपल्या मुलास वसतिगृहात सोडण्यासाठी आले. मुलगा नववीत शिकणारा, हाताचा मोठा कुशल. सुटीच्या दिवशी तो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावे घालतो, दुकानांच्या पाट्या रंगवितो, आणि वह्यापुस्तकांपुरते चार पैसे मिळवितो. मी त्याचे कौतुक करू लागलो, तोच वडील म्हणाले, "गुरुजी, याचं चित्र काढणं तेवढं बंद करा. त्या फ्लेक्सच्या मशिनीनं गावातल्या पेंटराची चूल इझवली, अन् हे लेकरू त्याच वाटंनं निघालंय. रंगानं काय पोट भरतंय व्हय?"

या प्रश्नास त्या दिवशी मजजवळ उत्तर नव्हते. मी काहीतरी समजुतीचे बोललो व ते गृहस्थ कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेस लागले. पुढे अनेक दिवस तो प्रश्न मनात घोळत राहिला. हा लेख म्हणजे त्यांना उशिराने दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

१. कोल्हापूरचा एक चित्रकार

महाराष्ट्र शासनाने श्रीशिवाजी महाराजांचे अधिकृत चित्र म्हणून ज्यास मान्यता दिली, ते चित्र गोपाळ बळवंत कांबळे यांनी काढिले. लोक त्यांना जी. कांबळे या नावाने ओळखतात. त्यांचा जन्म 1918 साली झाला व 2002 साली ते निवर्तले. मोठ्या कलाशाळेची पदवी त्यांच्या नावापुढे नव्हती. तरुणपणी त्यांची उपजीविका सिनेमाची भित्तिपत्रके व मोठमोठे फलक रंगविण्यावर चालत असे. रस्त्याने जाणाऱ्याने मान वर करून पाहावे, तिकीट काढावे, आणि दोन महिन्यांनी नवा चित्रपट लागला की तो फलक उतरवून त्यावर दुसरा रंग द्यावा, असे ते काम होते. ज्या हाताने असे क्षणजीवी काम केले, त्याच हाताने पुढे शासनाने भिंतीवर लावावी अशी तसबीर निर्माण केली. ही वाट त्या हाताने कशी चालली, ते आपणांस पाहावयाचे आहे.

कांबळे यांचे कोल्हापूर हे त्या काळी चित्रकारांचे गाव होते. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयास आबालाल रहिमान यांच्यासारखा थोर चित्रकार होता. तो 1931 साली वारला. आनंदराव व बाबूराव हे दोघे आतेमामेभाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत, आणि त्या व्यवसायावरूनच लोक त्यांना 'पेंटर' म्हणू लागले. पुढे तेच त्यांचे आडनाव होऊन बसले. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढिली, व तिच्या चित्रपटांची भित्तिपत्रकेही तेथेच होत. 1924 च्या 'कल्याण खजिना' या चित्रपटाचे भित्तिपत्रक आपल्या देशातील आज उपलब्ध असलेल्या अगदी जुन्या भित्तिपत्रकांत गणले जाते. हेच बाबूराव तैलचित्रे काढीत आणि पुतळेही घडवीत. तात्पर्य, पडदा रंगविणारा हलका व तसबीर काढणारा श्रेष्ठ, असा भेद त्या गावी फारसा नव्हता. एकच माणूस सकाळी पडद्यापुढे व दुपारी तसबिरीपुढे उभा राही. अशा हवेत कांबळे वाढले.

२. फलक कसा रंगवीत

आपल्यापैकी बहुतेक विद्यार्थ्यांनी हाताने रंगविलेला सिनेमाचा फलक पाहिलेलाच नाही. संगणकावर छापलेले फ्लेक्स आल्यापासून ती विद्या जवळजवळ लोपली आहे. यास्तव ती थोडक्यात सांगतो.

प्रथम लाकडी चौकटीवर जाड कापड ताणून बसवीत, व रंग कापडात शिरू नये म्हणून त्यावर सरस व पांढऱ्या रंगाचा लेप देत. चित्रपटातील एखादे छायाचित्र चित्रकाराच्या हाती येई. ते वीतभर लांबीचे, आणि फलक तर दोन मजल्यांएवढा! मग त्या लहान छायाचित्रावर पेन्सिलीने सारख्या चौकटी पाडीत, तितक्याच चौकटी मोठ्या प्रमाणात फलकावर आखीत, आणि एकेका चौकटीतील रेषा तिकडून इकडे आणीत. ही रीत तुम्ही भूगोलाचा नकाशा मोठा करून काढताना वापरता, तीच आहे. त्यानंतर रुंद कुंचल्याने छायेचे व प्रकाशाचे मोठे भाग भरावयाचे. फलकाजवळ उभे राहिले, की नाक म्हणजे हातभर लांबीचा एक पट्टा दिसे. सबंध चेहरा पाहण्यासाठी चित्रकारास शिडीवरून उतरून रस्त्यापलीकडे जावे लागे, व चूक दिसली की पुन्हा शिडी चढावी लागे.

या कामाचे काही कठोर नियम असत. चित्र दुरून ओळखू आले पाहिजे. ते ठरल्या दिवशी तयार झालेच पाहिजे, कारण खेळ शुक्रवारी सुरू व्हावयाचा असे. आणि नट अथवा नटी पाहताक्षणी ओळखली गेली पाहिजे. नाही तर पैसे मिळत नसत. हे नियम म्हणजे एक शाळाच होती. प्रमाणाचे ज्ञान, हाताची निर्भयता, चेहऱ्यातील मुख्य गोष्ट चटकन हेरण्याची सवय, आणि वेळेचे बंधन हे चार गुण त्या शाळेत मार खाऊन शिकावे लागत.

३. 'मुघल-ए-आझम'

व्ही. शांताराम हे मूळचे कोल्हापूरचे. त्यांनी 1942 साली मुंबईत राजकमल कलामंदिर ही संस्था स्थापन केली. कांबळे तेथे प्रसिद्धीची चित्रे काढीत. त्यांच्या कामाची कीर्ती ऐकून के. आसिफ यांनी आपल्या 'मुघल-ए-आझम' या चित्रपटासाठी त्यांना बोलावून घेतले. हा चित्रपट 5 ऑगस्ट 1960 रोजी प्रसिद्ध झाला. मुंबईच्या मराठा मंदिर चित्रगृहाची त्या वेळची सजावट कांबळे यांच्या हातची होती.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या चित्रपटाचा बराच भाग कृष्णधवल होता. रंगीत भाग थोडाच होता. म्हणजे बादशहाच्या झग्याचा रंग, अनारकलीच्या गालावरची आभा, दरबारातील दिव्यांचा पिवळा प्रकाश यांपैकी पुष्कळशा गोष्टी फलक रंगविणाऱ्यास आपल्या मनाने उभ्या कराव्या लागल्या असणार. छायाचित्रात नसलेला रंग देणे हे नकलेचे काम नव्हे. त्यासाठी मांस, कापड, धातू व मोती यांच्यावर प्रकाश कसा पडतो याचे ज्ञान असावे लागते. या फलकांसाठी आसिफ यांनी विन्सर अँड न्यूटन या विलायती कंपनीचे देशात मिळतील तेवढे रंग विकत घेतले व त्यापायी सुमारे 6 लाख रुपये खर्च केले, असे सांगतात. सामान्य फलकावर कोणी असले रंग वापरीत नाही. ते तसबिरींचे रंग होत.

आणि या सर्व परिश्रमाचे फळ काय? मोठी रक्कम ठरली होती खरी, परंतु व्यवहारात फसवणूक होऊन कांबळे यांच्या हाती काहीच पडले नाही, अशी नोंद आहे. मी हे मुद्दाम सांगत आहे. पालकहो, आपल्या मनात जी भीती आहे ती खोटी नाही. कलावंताच्या घामावर दुसऱ्याने घर बांधावे, असे पुष्कळदा घडते. जो शिक्षक मुलांस केवळ यशाच्या गोष्टी सांगतो, तो त्यांस अर्धेच सत्य सांगतो.

४. व्यक्तिचित्र कशास म्हणावे

पुढे कांबळे यांनी आपली शक्ती थोर पुरुषांच्या व्यक्तिचित्रांकडे वळविली. श्रीशिवछत्रपती, राजर्षी शाहू महाराज यांसारख्यांची चित्रे त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. वरवर पाहता हा बदल लहान वाटेल. चेहरे तेव्हाही काढावयाचे होते व आताही काढावयाचे होते. मग फरक तो काय?

फरक पाहणाऱ्याच्या वेळेत आहे. फलकापुढे पाहणारा क्षणभर थांबतो, तर तसबिरीपुढे तो पिढ्यान्‌पिढ्या राहतो. क्षणात नजर वेधण्यासाठी फलकावरील डोळे अधिक मोठे, ओठ अधिक लाल, सावली अधिक निळी करावी लागते. असा चेहरा घरात रोज समोर असेल, तर आठ दिवसांत त्याचा कंटाळा येईल. जे चित्र रोज पाहावयाचे, त्यात ओरडून सांगण्यासारखे काही नसावे, पण हळूहळू सापडत जावे असे पुष्कळ असावे. भुवईची किंचित आकुंचित रेषा, ओठांच्या कोपऱ्यातील निश्चय, पापणीखालची थकव्याची छाया या गोष्टी रस्त्यापलीकडून दिसत नाहीत. त्या काढावयास चित्रकारास शिडीवरून खाली उतरून माणसाच्या जवळ बसावे लागते.

अभिजात पद्धतीचा व्यक्तिचित्रकार ज्याचे चित्र काढावयाचे त्यास एका बाजूने येणाऱ्या शांत उजेडात बसवितो. प्रथम तो डोळे अर्धवट मिटून पाहतो, म्हणजे बारीक तपशील नाहीसे होऊन छाया व प्रकाश यांचे दोनच मोठे भाग उरतात. ते भाग योग्य जागी बसले, तर अर्धे साम्य आलेच म्हणून समजावे. मग पातळ रंगात चेहऱ्याचा पाया घालतो. पिवडी, गेरू, पांढरा व थोडा काळसर निळा अशा मोजक्या रंगांतून कातडीच्या अनेक छटा निघतात. पाया सुकला की अळशीच्या तेलात कालवलेला दाट रंग त्यावर चढवितो. प्रथम पातळ व मागाहून तेलकट, हा क्रम उलटला तर काही वर्षांनी चित्रास तडे जातात. अशी बैठक एकदा नव्हे, अनेकदा होते. प्रत्येक वेळी समोरचा मनुष्य किंचित निराळा दिसतो, आणि त्या सर्व दिसण्यांतून जे कायम राहते ते पकडावयाचे असते.

आता लक्षात येईल की फलक रंगविणाऱ्यास येथे दोन कामे करावी लागतात. प्रमाण, धीटपणा व साम्य हेरण्याची शक्ती एवढे जुन्या शाळेतून आणावयाचे, आणि ठरीव डोळे, ठरीव ओठ, प्रत्येक चेहरा सुंदर करून टाकण्याची खोड एवढे तेथेच टाकून यावयाचे. शिकणे कठीण, पण शिकलेले टाकून देणे त्याहून कठीण. धंद्याने हात दिला तरी दृष्टी माणसास स्वतः कमवावी लागते.

५. न पाहिलेला चेहरा

शिवछत्रपतींच्या चित्राची अडचण याहूनही मोठी. समोर बसावयास व्यक्तीच नाही. शाहू महाराजांची छायाचित्रे उपलब्ध आहेत. छायाचित्रणाची कला जन्मास येण्यापूर्वी होऊन गेलेल्या पुरुषाच्या बाबतीत चित्रकाराने काय करावे?

तो इतिहासाकडे जातो. महाराजांच्या काळात, अथवा त्यानंतर लवकरच, दक्षिणेत काढिलेली त्यांची लहान चित्रे युरोपात गेली. ती आज लंडन, पॅरिस व ॲमस्टरडॅम येथील संग्रहांत आहेत. डच ग्रंथकार व्हॅलेन्टाइन याच्या अठराव्या शतकातील ग्रंथातही महाराजांचे चित्र आहे. तथापि आपल्याकडे बराच काळ दुसऱ्याच एका सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी खरे चित्र 1933 साली लोकांपुढे आणिले, व ती चूक दूर झाली. एका चुकीच्या चेहऱ्यास लोक मनोभावे नमस्कार करीत होते, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. व्यक्तिचित्रात सत्यास किती मोल आहे, हे त्यावरून कळते.

चित्रांखेरीज लेखी साधनेही आहेत. 1664 साली सुरतेतील इंग्रजांचा पाद्री एस्कॅलियट याने विलायतेस एक पत्र लिहिले. महाराजांना पाहिलेल्या लोकांकडून ऐकून तो लिहितो की ते उंचीने कमी, बांध्याने ताठ व प्रमाणबद्ध, डोळ्यांनी तीक्ष्ण, चेहऱ्याने हसतमुख आणि वर्णाने आपल्या लोकांहून गोरे होते. त्याच सुमारास सुरतेस आलेला फ्रेंच प्रवासी थेवेनो हाही त्यांची उंची कमी व डोळे चपळ असल्याचे सांगतो, परंतु वर्ण मात्र सावळा म्हणतो. पाहा, दोन्ही साक्षी डोळ्यांविषयी एकमत आहेत, पण रंगाविषयी त्यांचे जुळत नाही! इतिहासकार दोन्ही विधाने शेजारी लिहून थांबू शकतो. चित्रकारास तसे करता येत नाही. त्यास रंगपट्टीवर एकच रंग कालवावा लागतो, आणि त्या निर्णयाची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घ्यावी लागते.

येथेच फलक रंगविणाऱ्याची मोठी परीक्षा होते. बाजाराची सवय त्यास सांगेल, की महाराजांना उंच, धिप्पाड, सिनेमातील नायकासारखे कर, म्हणजे लोक टाळ्या वाजवतील. साधने सांगतील, की त्यांचे तेज देहाच्या उंचीत नव्हते, डोळ्यांत होते. महाराजांचे चित्र काढू पाहणाऱ्या प्रत्येक कलावंतास या दोहोंपैकी एकाचे ऐकावे लागते. पुढच्या खेपेस तसबिरीपुढे उभे राहाल तेव्हा चित्रकाराने कोणाचे ऐकिले, हे तुम्हीच तिच्या डोळ्यांकडे पाहून ठरवा.

६. दूर देशीचे एक उदाहरण

ही वाट केवळ कोल्हापूरच्याच माणसाने चालली असे नव्हे. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी 1926 साली जन्मलेले एव्हरेट रेमंड किन्स्टलर यांनी वयाची सोळा वर्षे पुरी होण्याच्या सुमारास शाळा सोडली, व मुलांच्या चित्रकथा छापणाऱ्या एका कंपनीत आठवड्यास 18 डॉलर वेतनावर शाईकाम पत्करिले. स्वस्त मासिकांची व पुस्तकांची चित्रे काढण्यात त्यांची पुढील अनेक वर्षे गेली. परंतु त्याच काळात त्यांनी आर्ट स्टुडंट्स लीग या संस्थेत फ्रँक ड्यूमाँड या वृद्ध गुरूपाशी बसून प्रकाश व रंग यांचा अभ्यासही चालू ठेविला. कालांतराने ते व्यक्तिचित्रांकडे वळले. फोर्ड व रेगन या राष्ट्राध्यक्षांची व्हाइट हाउसमधील अधिकृत चित्रे त्यांच्याच हातची आहेत. 2019 साली ते वारले.

कांबळे व किन्स्टलर यांच्यात सात समुद्रांचे अंतर. एकाने सिनेमाचे फलक केले, दुसऱ्याने चित्रकथा. तरी दोघांचे चरित्र एकच गोष्ट सांगते. पोटासाठी केलेल्या कामाची त्यांनी लाज धरिली नाही, आणि त्या कामातच समाधान मानून ते थांबलेही नाहीत.

७. पालकांस दोन शब्द

आता मूळ प्रश्नाकडे येतो. रंगाने पोट भरते काय? प्रामाणिक उत्तर असे, की केवळ पाट्या रंगवून आज भरत नाही. ते गृहस्थ म्हणाले तेच खरे. यंत्राने तो धंदा खाल्ला. जो मुलगा फक्त यंत्र करू शकते तेवढेच शिकेल, त्याची गत गावातल्या पेंटरासारखी होईल. परंतु यंत्रास काढता येत नाही अशी पाहण्याची शक्ती ज्याने कमाविली, त्यास वाटा आहेत. शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा आहेत. त्या उत्तीर्ण झाल्यास दहावीस गुणांची सवलतही मिळते. पुढे छत्रपती संभाजीनगरचे शासकीय चित्रकला महाविद्यालय आपल्या जिल्ह्यापासून फार दूर नाही, आणि मुंबईचे सर जे. जे. विद्यालय तर 1857 पासून चालू आहे. चित्रकला शिक्षक, पुस्तकांची सजावट, जाहिरातीची कला अशी कामे या शिक्षणातून मिळू शकतात. श्रीमंती मिळेल असे वचन मी देणार नाही. मात्र इतर विषयांचा अभ्यास सांभाळून मुलगा कुंचला हाती धरीत असेल, तर तो हिसकावून घेऊ नये, एवढी विनंती अवश्य करीन.

आणि मुलांनो, तुम्हांसही सांगतो. ट्रॉलीवर नाव घालण्याचे काम मिळाले तर ते नीट करा. अक्षरे सरळ रेषेत आणा, रंग ओघळू देऊ नका, ठरल्या दिवशी काम द्या. हलके काम हलगर्जीपणे करणाऱ्याच्या हातून मोठे काम कधीच होत नाही.

८. पुढे काय झाले

चैत्रात पाडव्याच्या सुमारास ते कुटुंब ऊसतोडीहून परतले. मी मुलास सांगितले, की वडिलांना समोर बसवून त्यांचे चित्र काढ. पहिल्या दिवशी त्याने जे काढून आणिले, त्यात वडील सिनेमातील नायकासारखे दिसत होते. मिशा काळ्याभोर, गाल लाल, छाती रुंद. मी म्हणालो, "हे फलकासाठी चांगले आहे. आता त्यांच्याजवळ तासभर बस, आणि दिसते तेवढेच काढ."

दुसरे चित्र पुरे व्हावयास चार दिवस लागले. त्यात कपाळावरच्या आठ्या होत्या, उन्हाने रापलेले गाल होते, आणि पहाटेपासून फडात वाकून उभ्या राहणाऱ्या माणसाची खांद्यांची ठेवण होती. दोन्ही चित्रे आम्ही वडिलांपुढे ठेविली. त्यांना पहिलेच आवडले! ते म्हणाले, "ह्यात मी जरा बरा दिसतो." त्यांनी ते जपून गुंडाळून घरी नेण्यास घेतले. परंतु मुलाची आई दुसऱ्या चित्राकडे पुष्कळ वेळ पाहत उभी राहिली व म्हणाली, "हे मात्र खरे हेच हायेत."

दुसरे चित्र आज आमच्या चित्रकलेच्या वर्गात लावलेले आहे. मुलगा यंदा दहावीत असून इंटरमिजिएटची परीक्षा त्याने दिली आहे. या वर्षी ऊसतोडीस निघताना वडिलांनी चित्रे बंद करण्याविषयी काही म्हटले नाही. फक्त जाता जाता मला म्हणाले, "गणिताकडं बी लक्ष ठिवा, गुरुजी." ती सूचना रास्त असल्याने मी ती मान्य केली आहे.

विद्यार्थ्यांनी करावयाचा अभ्यास

१. आपल्या शाळेतील एका तसबिरीपुढे पाच मिनिटे शांत उभे राहा. उजेड कोणत्या बाजूने पडला आहे? नाकाची सावली कोणत्या गालावर आहे? पापणीखाली काय दिसते? उत्तरे वहीत लिहा.

२. आरशासमोर बसून मापून पाहा. डोळे डोक्याच्या उंचीच्या जवळजवळ मध्यावर येतात. बहुतेक मुले ते फार वर काढतात, व त्यामुळे चेहरा बिघडतो.

३. घरातील एका वडील माणसास खिडकीजवळ बसवून त्यांचे चित्र पेन्सिलीने काढा. ते सुंदर करू नका, खरे करा. त्यांना आवडले नाही तरी रागावू नका. ते चित्र जपून ठेवा. पुढे कधीतरी ते त्याची आठवण काढतील.